तू विचारलंस म्हणून

“आता तुझं पुस्तक संपलं ना, सुनंदा? मग पुढच्या वर्षी ती पायरी मांडायला नको, अल्वा?”

पाहुणे गेल्यावर जास्तीच्या गाद्या माळ्यावर टाकू का, असं विचारावं तितक्या सहज कृष्णवेणीअम्मांनी हे विचारलं आणि हातातला लाकडी हत्ती मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. दसरा होऊन गेला होता. जयलक्ष्मीपुरममधल्या त्यांच्या दिवाणखान्यात नवरात्रभर पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, म्हैसूरच्या बोलीत गोंबे, निम्म्या उतरवून झाल्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवरचे राजाराणी, लग्नात आईने दिलेली ती जोडी, आधीच पेटीत जाऊन आडवी झाली होती. वाणी आणि त्याची लठ्ठ बायको आपापल्या डाळतांदळाच्या वाट्यांसकट वाट बघत होती. सुनंदा गेली काही वर्षं दर नवरात्रात या घरी येत होती, पण ती वही आणि रेकॉर्डर घेऊन, विद्यापीठाची संशोधक म्हणून. या वेळी प्रबंध संपत आला होता, तेव्हा आवराआवरीला हात लावावा आणि आभार मानावेत म्हणून ती मोकळ्या हाताने आली होती. आणि त्या मोकळ्या हातात नेमकी नऊवारीतली बाहुली होती.

“कुठली पायरी?” तिने विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

“तुझी गं. मराठी पायरी. ती नऊवारीवाली, ते जातं, तो किल्ला. तू विचारलंस म्हणून मांडली. नाहीतर आमच्याकडे कुठे होती?” अम्मांनी वाण्याला उचललं. “आणि मी एकटीनेच नाही हं. भजनाला जातो ना आम्ही शुक्रवारी, तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. सुनंदा येते, विचारते, तर कुणाकडे काही कमी पडू नये. नऊवारीवाली एकच होती बघ, कोल्हापुराहून मागवलेली. ती फिरवली मग. तू पहिल्या दिवशी माझ्याकडे यायचीस, मत्ते मग दोन दिवसांनी आमच्या भजनातल्या स्मृतीकडे. मध्ये वेळ मिळायचा. साडी तेवढी बदलायची.”

त्या हसल्या. लबाडी पकडली गेल्याचं ते हसणं नव्हतं. एखाद्या लग्नघरी सगळ्यांनी मिळून ताटं कशी पुरवली हे सांगताना बायका हसतात, तसं होतं. सुनंदाही हसली, कारण समोरचं माणूस हसलं की आपणही हसायचं ही तिची जुनी सवय. मग तिने बाहुली खाली ठेवली, सरांनी अकराला बोलावलंय असं सांगितलं, जे खरंच होतं, आणि चपला घालून बाहेर पडली. फाटकाशी आल्यावर तिला आठवलं की आभार मानायचे राहून गेले.

विद्यापीठाकडे जायला रिक्षा करता आली असती, पण ती तळ्याच्या काठाने चालत निघाली. कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर सकाळचे फिरणारे पांगले होते आणि पेलिकन पाण्यात आपापल्या जागी वजन टाकून बसले होते. आता मला भीती वाटली पाहिजे, असं ती स्वतःला बजावत होती. ‘मराठी पायरी’ हे तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, आणि खरं सांगायचं तर तोच प्रबंध होता. बाकीची प्रकरणं या एकाला टेकू देण्यापुरती उभी होती. म्हैसुरात पाच-सहा पिढ्या राहिलेली मराठी घरं, घरातल्या घरात मराठी बोलणारी, बाकी सगळं कानडी केलेली. या घरांनी शेजाऱ्यांचा बाहुल्यांचा सण उचलला, पण त्यात एक पायरी आपली राखली. असा तिचा शोध. बंगळुरूच्या चर्चासत्रात तिने हे वाचलं तेव्हा एक वयस्कर बाई पुढे येऊन तिचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या. त्याच प्रकरणात तिने लिहिलं होतं की वेगवेगळ्या घरांत आढळणारी नऊवारीतली स्त्री चेहऱ्याने विलक्षण सारखी असून वस्त्राने मात्र घरोघर वेगळी आहे, आणि यावरून एका सामायिक परंपरेचं घरगुती रूपांतर स्पष्ट होतं. वाक्य आठवलं आणि सुनंदा तळ्याच्या काठावर एकटीच मोठ्याने हसली. समोरून येणाऱ्या, कानात तारा घातलेल्या माणसाने वाट सोडून तिला पुढे जाऊ दिलं.

भीती यायची होती, ती येत नव्हती. त्याऐवजी काय येत होतं, तर प्रश्न. आधी कुणी म्हटलं असेल, की आपल्याकडे काही नाही? अम्मा स्वतःशी म्हणाल्या असतील की भजनात? बाहुलीची साडी कुणी बदलायचं? एवढीशी नऊवारी नेसवायची कशी हे त्यांना कुणी शिकवलं, कारण अम्मांनी स्वतः आयुष्यात नऊवारी नेसलेली नव्हती, त्यांच्या सासूनेही नव्हती. बाहुली एका घरून दुसऱ्या घरी पिशवीतून जायची की डब्यातून? घर बुडत असताना पाणी कुठून येतंय याचंच नवल वाटावं, असं काहीतरी आपलं होतंय, आणि हे बरं लक्षण नाही, असं तिला वाटलं. पण प्रश्न काही थांबेनात.

नरसिंहमूर्ती सरांच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहिण्याबद्दलची त्यांची वाक्यं पाठ असत. सर कानडी आणि इंग्रजी मिसळून बोलत, सुनंदा ते मनात मराठीतच ऐके, आणि ऐकता ऐकता ती वाक्यं तिच्या आत्याच्या आवाजात बोलू लागत. रोज लिहा, वाईट लिहा, पण रोज. प्रस्तावना शेवटी लिहा, कारण कुठे जाणार हे पोचल्याशिवाय सांगता येत नाही. परीक्षक हा दमलेला माणूस आहे, त्याला दुपारी जेवण झाल्यावर तुमचं प्रकरण वाचायचंय, त्याच्यावर दया करा. जे वाक्य फार आवडतं त्याच्यावर संशय घ्या. संशोधकाने खोलीत असावं, वाक्यात असू नये. आणि मुलाखतीबद्दल एकच: प्रश्न विचारला की गप्प बसा. समोरची शांतता आपल्याला सोसत नाही, म्हणून आपणच उत्तर सुचवतो आणि मग ते लिहून घेतो. सुनंदाला हे सगळं पटलेलं होतं. पटणं आणि करणं यांच्यामध्ये म्हैसूर ते सातारा एवढं अंतर असतं हे तिला चाळिशी उलटल्यावर माहीत असायला हवं होतं, पण विद्यार्थी झालं की माणूस पुन्हा पंचविशीचं होतं.

पहिलं वर्ष तिला आता लख्ख आठवायला लागलं. साथ नुकतीच ओसरत होती. अजून लोक मास्क हनुवटीवर घेऊन बोलत आणि कोसंबरीची, त्या भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीची, वाटी हातात न देता टेबलावर ठेवत. अम्मांनी त्या वर्षी अगदी थोडं मांडलं होतं, कशाबशा तीन पायऱ्या. मिस्टर जाऊन वर्षही झालं नव्हतं, मुलगा कार्तिकेय परदेशात अडकलेला. मांडू की नको असं करत शेवटी मांडलं, असं त्या म्हणाल्या होत्या. सुनंदाने सगळं पाहिलं. राजाराणी, दसऱ्याची मिरवणूक, वाणी-वाणीण. आणि मग तिने तिचा तो प्रश्न विचारला, आदल्या रात्री घासूनपुसून तयार केलेला: तुमच्या मांडणीत मराठी असं काय आहे? अम्मा बघत राहिल्या. पंखा फिरत होता. सुनंदाला आता तो पंखासुद्धा ऐकू येत होता, कारण ती शांतता तिला सोसली नव्हती. ती म्हणाली होती, “म्हणजे, एरवी असतं का काही? या वर्षी कमी मांडलंय म्हणून नसेल, पण एरवी एखादा किल्ला, नऊवारीतली बाई, असं काही?” आणि अम्मा म्हणाल्या होत्या, “हौदु, असतं की.” पुढच्या नवरात्रात ती गेली तेव्हा सगळ्या पायऱ्या मांडलेल्या होत्या आणि खालून दुसऱ्या पायरीवर किल्ला होता, जातं होतं, नऊवारीतली बाई होती. प्रबंधात तिने लिहिलं, साथीच्या वर्षी गाळली गेलेली ही पायरी पुढील वर्षी पूर्ववत मांडली गेली. कुणीही तिला पूर्ववत म्हणून सांगितलं नव्हतं. किल्ल्याच्या बुरुजांना नवा रंग होता तो तिने पाहिला होता, आणि साथ संपल्याच्या आनंदात घरोघर रंग निघाले असतील असं समजून पुढे गेली होती. आपल्याला हवं ते समोर आलं की डोळे किती लवकर समाधानी होतात याचं तिला आता, चालता चालता, खरोखर आश्चर्य वाटत होतं.

आणि तिला ते का हवं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती आणि निशांत, तिचा नवरा, साताऱ्याहून इथे आले ते निशांतच्या नोकरीसाठी, दोन वर्षं राहू म्हणून. त्याला आता अठरा वर्षं होत आली. गोकुलममध्ये फ्लॅट झाला, खालच्या रस्त्याने योगाच्या सतरंज्या पाठीला लावून स्कूटरवरून जाणारे परदेशी लोक ओळखीचे झाले. सरांनी तर आधी तिला तोच विषय सुचवला होता, हे गोरे लोक पुन्हा पुन्हा म्हैसूरला का येतात. घराच्या गॅलरीत बसून संशोधन होईल, म्हणाले होते. पण मुलगी स्पृहा शाळेतून आली की कानडीत चिडायची, इंग्रजीत भांडायची आणि मराठीत फक्त भूक लागली म्हणायची. एकदा ती म्हणाली होती, “आई, मराठी तुझी भाषा आहे. माझी ती फक्त तुझ्याशी बोलायची आहे.” तिने ते अगदी प्रेमाने म्हटलं होतं. सुनंदा रात्रभर जागी राहिली नव्हती वगैरे काही नाही, छान झोपली होती, पण त्यानंतर थोड्याच दिवसांत देवराज मार्केटात फुलं घेताना तिला शेजारी एक वाकडंतिकडं, कानडीने भरलेलं मराठी ऐकू आलं आणि ती त्या बाईंच्या मागे मागे जाऊन बोलली. त्या कृष्णवेणीअम्मा होत्या. पाच पिढ्या इथे, आणि अजून बोलतात. त्या दिवशी तिला विषय मिळाला असं ती सगळ्यांना सांगे. खरं म्हणजे तिला आशा मिळाली होती. आपलं काहीतरी उरतं, कुठेतरी एखाद्या पायरीवर का होईना उरतं, हे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. म्हणून तिने ते विचारलं, आणि म्हणून तिला उत्तराची वाट बघवली नाही. इतकं सरळ होतं सगळं. तिला स्वतःचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ पुन्हा ती नसती उत्सुकता: मग अम्मांना काय हवं होतं?

सरांच्या खोलीत नेहमीचा वास होता, जुन्या कागदांचा आणि केळ्यांचा. ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखाली उरलेली सुनंदा ही शेवटची विद्यार्थिनी, आणि डिसेंबरात प्रबंध सादर करायचा हे दोघांचं ठरलेलं होतं. मार्च उलटला तर ती दुसऱ्या कुणाच्या हवाली होणार, आणि तो दुसरा कुणी तिचं सगळं पहिल्यापासून उकरणार, हे विभागात शिपायापर्यंत सर्वांना माहीत होतं. सर तिचं चौथं प्रकरणच वाचत बसले होते. त्यांची वाचायची एक पद्धत होती. विद्यार्थ्याचा मजकूर ते एकसुरी आवाजात मोठ्याने वाचत, बातम्या वाचल्यासारखा, आणि जीभ जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने एक ठिपका देत. काय चुकलंय ते सांगत नसत. ठिपका दिसला की विद्यार्थ्याने घरी जाऊन स्वतःच शोधायचं.

“ठिपके फार कमी आहेत,” ते म्हणाले. “चांगलं झालंय. बसा.”

सुनंदा बसली आणि तिने सांगून टाकलं. पायरी, भजन, फिरवलेली बाहुली, बदललेल्या साड्या. सांगताना तिला वाटत होतं की मध्येच कुठेतरी आवाज कापेल, पण तसं झालं नाही. बाहुलीच्या साड्यांपाशी तर सरांचे खांदे हलायला लागले.

“सगळ्या घरांत तीच बाहुली?”

“चार घरांत तरी. बाकीच्यांकडे काय झालं ते मला अजून माहीत नाही.”

“आणि आपण लिहिलंय, चेहऱ्याने विलक्षण सारखी.” त्यांनी पान उलटून ते वाक्य शोधलं, पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, आणि चष्मा काढून डोळे पुसले. हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, “नोडी, हे बघा सुनंदा. सहाव्या प्रकरणात मर्यादा म्हणून एक भाग असतो. तो असल्याच गोष्टींसाठी असतो. एक परिच्छेद लिहा. संशोधकाच्या उपस्थितीचा काही घरांतील मांडणीवर परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. झालं. खोटं काही नाही त्यात.”

वाक्य खरंच खोटं नव्हतं. सुनंदाने ते मनात घोळवून पाहिलं. किती मऊ होतं. त्यात बाहुली नव्हती, भजन नव्हतं, तळमजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात एकट्या बसून किल्ल्याच्या बुरुजांना रंग देणारी बाई नव्हती. असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य लिहिलं की डिसेंबरात प्रबंध, मग मौखिक परीक्षा, मग नावाआधी डॉक्टर. निशांत पेढे आणेल. साताऱ्याची आत्या फोन करेल. सगळं ठरल्याप्रमाणे होईल आणि बंगळुरूच्या त्या वयस्कर बाईंना आपण कसल्या खोट्यासाठी हिचा हात धरला होता हे कधीच कळणार नाही. तिला ते सगळं हवं होतं. हवं नव्हतं असं म्हणणं ढोंग झालं असतं. सहा वर्षं ती स्वयंपाकाच्या आधी आणि स्वयंपाकाच्या नंतर लिहीत आली होती.

“सर, ती मर्यादा नाहीये,” ती म्हणाली. “तेच घडलंय. एवढी घरं, आणि एका प्रश्नाने सगळी कामाला लागली. परंपरा अशीच सुरू होत असेल तर? कुणीतरी येऊन विचारतं, तुमचं काय आहे, आणि मग लोक शोधाशोध करतात. मला ते लिहायचंय.”

“मग वाक्यात तुम्हाला यावं लागेल. मी गेले, मी विचारलं, मी चुकले.”

“हो.”

“सबंध आयुष्य मी विद्यार्थ्यांना ते खोडायला लावलं.”

“हो सर.”

“आणि मला जायचंय मार्चमध्ये. पुढच्या दसऱ्याशिवाय हे पुरं होणार नाही. तुमच्यामागे एक वर्ष, कदाचित दोन. नवीन माणूस म्हणेल, हा प्रबंध नाही, ही गोष्ट आहे.” त्यांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. शेवटची विद्यार्थिनी आपल्या हातून पार पडावी असं त्यांच्याही मनात असणार. “मी तुम्हाला हो म्हणत नाही, नकोही म्हणत नाही. पण एक सांगा, त्या बाईंना विचारलंत का, त्यांनी असं का केलं?”

सुनंदाने विचारलं नव्हतं. ती हसून निघून आली होती.

“मग तुम्हाला अजून काय घडलं तेच माहीत नाही,” सर म्हणाले. “मघाशी म्हणालात, ‘तेच घडलंय.’ कशावरून? एक तुमची समजूत गेली, दुसरी आली. ही दुसरीसुद्धा तुम्हाला फार आवडलेली दिसते.” त्यांनी प्रकरण बंद करून तिच्यापुढे सरकवलं. “जा. आज लिहायला बसू नका. आणि तो डिसेंबर अजून मी कॅलेंडरवरून काढलेला नाही.”

दुपारचं ऊन झाडांखालून तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं. ती आल्या वाटेने परत निघाली. सरांच्या बोलण्याने तिला थोडं लागलं होतं आणि बरंही वाटत होतं, कारण आता निर्णय तिच्या एकटीच्या हातात नव्हता, तो जयलक्ष्मीपुरममध्ये बसला होता. समजूत मोडली तर आपण लगेच दुसरी बांधतो, ही गोष्ट खरी. अम्मांनी परंपरा निर्माण केली, हे वाक्य तिने वाटेत म्हणून पाहिलं, आणि तिला ते इतकं आवडलं की तिने ते तिथेच सोडून दिलं. अम्मांनी नेमकं केलं काय होतं? एक किल्ला रंगवला, एक बाहुली मागवली, खोटं बोलल्या ते एवढंच, ‘असतं की.’ त्यातही ते खोटं सुनंदानेच त्यांच्या तोंडात घातलेलं. या सगळ्यामागे दया होती, थट्टा होती, पाहुणीचं मन राखणं होतं, की आणखी काही, हे तिला खरंच माहीत नव्हतं; आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माहीत नाही याची तिला लाज वाटली नाही.

अम्मांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला हळद लागलेली होती. “अय्यो, आलीस? पर्स विसरलीस की काय?” पर्स तिच्या खांद्यावरच होती. दिवाणखान्यात पायऱ्यांच्या नुसत्या फळ्या उरल्या होत्या, त्यांच्यावरचं पांढरं कापडही काढून झालं होतं. सुनंदा उभ्याउभ्याच बोलायला लागली, बसली असती तर बोलता आलं नसतं. “अम्मा, ती पायरी तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे असं मी लिहिलंय. ते आता काढणार आहे. कदाचित माझं पुस्तक या वर्षी होणार नाही.”

“काढ की. माझं काय जातं?” अम्मा म्हणाल्या, पण त्यांनी हात पुसायचं थांबवलं. “माझ्यामुळे तुझं अडलं?”

“तुमच्यामुळे नाही. माझ्या विचारण्यामुळे. म्हणून म्हणते, पुढच्या नवरात्रात मी नुसती येईन. बघेन, कोसंबरी खाईन, जाईन. काही विचारणार नाही. तुम्हाला हवं ते मांडा, नको ते नका मांडू. माझ्यासाठी म्हणून काही करू नका.”

तिला वाटलं होतं, अम्मांना सुटल्यासारखं वाटेल. अम्मा खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

“न विचारता कशाला येशील?” त्या म्हणाल्या. “सुम्ने, नुसतं येऊन बसायला माणसं आहेत मला. कार्तिकेय फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. शेजारची विचारते, नळाला पाणी आलं का. मी काय मांडते आणि कशाला मांडते, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं का मला? आमच्या ह्यांनीसुद्धा नाही विचारलं. तू विचारलंस. आता म्हणतेस विचारणार नाही.”

सुनंदा खाली बसली. जमिनीवरच, फळ्यांना टेकून. वही नव्हती, रेकॉर्डर नव्हता, आणि काय उत्तर येईल याची तिला काडीइतकी कल्पना नव्हती.

“मग विचारते,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी मी तो प्रश्न विचारला, आणि तुम्ही म्हणालात, ‘असतं की.’ त्या दिवशी मी गेल्यावर इथे काय झालं?”

अम्मांनी खुर्चीची पाठ सोडली. त्यांनी पंखा लावला, तिच्यासमोर येऊन खुर्चीत बसल्या, पदराने मान पुसली.

“तुझा राग आला होता,” त्या म्हणाल्या. “फार राग आला होता, सुनंदा. काल आलेली पोरगी मला विचारते, तुमच्यात मराठी काय आहे. स्वतः मी एवढी मराठीत बोलत समोर बसलेली असताना.”